मनगटावरची गाठ दाखवायला गेले, दबलेली नस सापडली : नौपाड्यातल्या हाताच्या क्लिनिकचा रिव्ह्यू

मनात साडेचार स्टार आहेत पण इथे अर्धा देता येत नाही म्हणून पाच देतेय, जो अर्धा कापायचा होता तो बिलं, पार्किंग आणि वेटिंगसाठी, त्याबद्दल खाली लिहिलंय. रिव्ह्यू मोठा होणार आहे, पण ज्यांच्या हाताला मुंग्या येतायत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. मनगटावर एखादी गाठ दिसत असली आणि त्याच हाताची बोटं बधिर होत असली की सगळ्यांचं लक्ष त्या गाठीवरच जातं, घरच्यांचं जातं आणि डॉक्टरांचंही जातं. इथल्या डॉक्टर मॅडमनी गाठ बाजूला ठेवली आणि नस तपासली. माझा उजवा हात आज कामाचा राहिलाय तो त्यामुळे.

माझं वय ३६, वागळे इस्टेटला अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे दिवसभर कीबोर्ड आणि माउस. आणि रांगोळी काढते, घरापुरती नाही, गुढीपाडव्याला आमचा ग्रुप शोभायात्रेच्या रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढतो, रात्रभर बसून. त्यामुळे उजव्या हाताची चिमूट ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला, घड्याळाची डायल येते तिथेच, बोराएवढी गाठ बरीच वर्षं होती. कधी फुगायची, कधी बसायची, दुखायची फारशी नाही. त्यावर प्रत्येकाकडे इलाज होता. शेजारच्या काकू म्हणाल्या रुपयाचं नाणं ठेवून घट्ट पट्टी बांध, मामा म्हणाला जाडजूड पुस्तक हाणलं की फुटते. हे दोन्ही करू नका. मॅडमनी नंतर समजावलं की मार बसून गाठ फुटली तरी तिची पिशवी आणि सांध्याला जोडलेलं तिचं देठ आत तसंच राहतं, त्यामुळे ती परत भरते आणि खालच्या हाडाला, स्नायूला लागतं ते वेगळंच.

त्रास सुरू झाला दिवाळीच्या सुमारास. करंगळीला मुंग्या, मग करंगळीशेजारचं बोटही अर्धं बधिर. त्यापेक्षा जास्त घाबरवलं ते ताकद कमी झाल्याने. दुधाची पिशवी बोटांनी फाडता येईना, स्कूटीची चावी फिरवताना अंगठा घसरायचा, नेलकटर दाबला जाईना. रांगोळीची रेष एकसारखी पडायची ती मध्येच जाड, मध्येच तुटक, कारण अंगठा आणि तर्जनीमध्ये रांगोळी धरूनच ठेवता येत नव्हती. सासूबाई म्हणाल्या थंडीने होतं, तेल लावून शेक. शेकलं, काही फरक नाही.

एका ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून मानेला पट्टा दिला आणि बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिली. दुसरीकडे, मोठं हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही, तिथे गाठ बघितली, "गँगलियन आहे, काढून टाकू, मुंग्या पण जातील" म्हणाले आणि लगेच ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले. बोटांना कोणी हात पण लावला नाही. नवऱ्याला ते पटेना, तो म्हणाला गाठ इतकी वर्षं आहे तर मुंग्या आत्ताच का सुरू झाल्या. ऑफिसमधल्या एकीचा तुटलेला टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, इथे जोडला होता, तिने हे क्लिनिक सांगितलं.

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आहे, ठाणे स्टेशनवरून चालत यायचं, रिक्षा करू नका, सिग्नलला तेवढाच वेळ जातो. जागा छोटी, बाहेर सात-आठ खुर्च्या. आत गेल्यावर मॅडमनी माझी फाईल घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. म्हणाल्या रिपोर्ट नंतर बघते, आधी हात बघू दे.

पहिला प्रश्न, मुंग्या नक्की कुठे येतात. मी म्हटलं हाताला. तर म्हणाल्या असं नाही, डाव्या हाताने दाखवा, कुठून कुठपर्यंत. मग डोळे मिटायला लावून कापसाचा धागा बोटांवरून फिरवला आणि लागतंय का ते विचारत गेल्या. करंगळीच्या तळव्याकडच्या बाजूला जवळजवळ काही कळत नव्हतं, अनामिकेच्या अर्ध्या भागात कमी कळत होतं. पण हात पालथा केल्यावर, करंगळीच्या मागच्या बाजूच्या कातडीवर, तळहाताच्या मागे, सगळं स्वच्छ कळत होतं. हे त्यांनी दोनदा करून खात्री केली आणि मग मला चित्र काढून सांगितलं, तेही मराठीत, सावकाश.

कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती अल्नर नस. ती कोपरामागून खाली येते आणि मनगटाच्या साधारण ५ ते ८ सेंटीमीटर आधीच तिची एक फांदी फुटून हाताच्या मागच्या कातडीकडे जाते. म्हणजे नस कोपरात दबली असती तर मागची बाजू पण बधिर झाली असती. मागची बाजू चांगली आहे याचा अर्थ दाब त्या फांदीच्या पुढे, मनगटात आहे. एका कापसाच्या धाग्याने हे कळलं, आणि तोपर्यंत माझे मानेवर किती पैसे गेले होते ते आठवून मला खरंच वाईट वाटलं.

मग एक साधा कागद, रिसेप्शनची पावतीच होती. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरा, मी ओढते म्हणाल्या. डाव्या हाताने धरला, अंगठा सरळ, कागद सुटला नाही. उजव्या हाताने धरला आणि अंगठ्याचं पुढचं पेर आपोआप वाकलं, मी वाकवलं नाही, ते वाकलंच, आणि तरी कागद निघून गेला. याला फ्रोमाँची टेस्ट म्हणतात, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ज्यूल्स फ्रोमाँ नावाच्या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टची, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी, आणि लागतं काय तर एक कागद. अंगठ्याला तर्जनीकडे ओढून धरणारा स्नायू अल्नर नसेवर चालतो, तो कमजोर झाला की शरीर दुसऱ्या नसेवर चालणारा पेर वाकवायचा स्नायू कामाला लावतं, म्हणून अंगठा वाकतो. माझी रांगोळीची चिमूट नेमकी याच स्नायूंवर चालते. त्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून दाखवले तेव्हा उजव्या अंगठा-तर्जनीच्या मधला मांसल भाग डाव्यापेक्षा चक्क खोल गेलेला दिसला.

मान पण बघितली, सोडून दिली नाही. मान वळवून, दंड आणि कोपरावर ठोकून, अंगठा वर उचलायची ताकद तपासून. मानेतून असतं तर हाताच्या आतल्या बाजूला वरपर्यंत बधिरपणा आला असता आणि अंगठ्याचे बाकीचे स्नायू पण ढिले पडले असते, ते पडले नव्हते. शुगर, थायरॉइड विचारलं. सायकल चालवता का विचारलं, मला कळेना का, तर म्हणाल्या सकाळी येऊरला सायकल घेऊन जाणारे काही जण हीच तक्रार घेऊन येतात, हँडलवर तळहाताचा मनगटाजवळचा भाग दाबून धरल्याने हीच नस तिथे दबते. मूठ घट्ट मिटवून मनगटातल्या दोन्ही रक्तवाहिन्या दाबून, एकेक सोडून हात परत लाल होतो का ते पण पाहिलं, कारण त्या जागी नसेला चिकटून रक्तवाहिनी जाते.

शेवटी मागच्या गाठीकडे आल्या. खोलीतला लाईट घालवला आणि छोटा टॉर्च गाठीच्या कडेला लावला. अख्खी गाठ आतून लालसर उजळली. आत पाणीदार पदार्थ आहे, घट्ट मांसाची गाठ असती तर अशी उजळली नसती. म्हणाल्या हे गँगलियनच आहे, पण तुमच्या बोटांशी त्याचा काही संबंध नाही, ती नस या बाजूने जातच नाही.

मग टेस्ट लिहिल्या, पण कुठली कशासाठी ते सांगून. आधी एनसीएस, म्हणजे नसेला हलके शॉक देऊन सिग्नल किती वेगात आणि किती जोरात पोचतो ते मोजतात, शिवाय स्नायूत बारीक सुई घालून एक भाग असतो. सुखाची नाही ही टेस्ट, पण सहन होते, आदल्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नका. त्यात कोपरापर्यंत सगळं नॉर्मल, मागची फांदी नॉर्मल, आणि मनगटाच्या पुढे सिग्नल मंदावलेला, अगदी जसं त्या कापसाने सांगितलं होतं तसंच. मग मनगटाची सोनोग्राफी. तिथे तळव्याकडे, करंगळीच्या रेषेत, काळा गोल भाग दिसला, सव्वा सेंटीमीटरचा, नसेला एका बाजूने ढकलणारा. कलर डॉपलर लावून आत रक्त वाहत नाही हे बघितलं, कारण तिथे रक्तवाहिनीचा फुगा पण असू शकतो आणि त्याला गाठ समजून सुई घातली तर पंचाईत. एमआरआय शेवटी, गाठीचं देठ कुठल्या सांध्यातून येतंय ते बघायला.

म्हणजे माझ्या मनगटात दोन गँगलियन होते. एक मागे, सगळ्यांना दिसणारं, निरुपद्रवी. दुसरं पुढे, आत, बाहेरून काही दिसत नाही, बोटाने चाचपून पण नीट लागत नाही. ते जिथे होतं त्या जागेला गियॉन कॅनॉल म्हणतात, फेलिक्स गियॉन या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं. तळहातावर मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला, पिसिफॉर्म नावाचं वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं बघा, त्याच्या शेजारी हा छोटा बोगदा, त्यातून अल्नर नस आणि रक्तवाहिनी जाते. जागाच इतकी अरुंद की तिथे छोटी गाठ पण नसेला पुरते. मागच्या बाजूला मोकळी कातडी, तिथे बोराएवढी गाठ वर्षानुवर्षं राहिली तरी काही बिघडत नाही. मार लागलेला नसताना या बोगद्यात नस दबण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण गँगलियनच. कार्पल टनेल वेगळं, त्यात मधली नस दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. बऱ्याच जणांना हात बधिर म्हणजे कार्पल टनेल एवढंच माहीत असतं, तर कुठली बोटं ते नीट बघा, फार फरक पडतो.

गँगलियनबद्दल त्यांनी जे सांगितलं ते पण लिहिते कारण या शब्दाने लोक खूप घाबरतात. हा कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होत पण नाही. सांध्याच्या किंवा स्नायूच्या दोरीच्या आवरणातून पिशवी बाहेर येते आणि तिच्यात जेलीसारखा घट्ट पदार्थ भरतो. हात आणि मनगटावर ज्या गाठी येतात त्यात सगळ्यात जास्त हीच, आणि २० ते ४० वयातल्या बायकांमध्ये जास्त. मनगटाची गँगलियन १०० मधली ६०-७० मागच्या बाजूलाच असतात. साधारण निम्म्या काही न करता आपोआप जातात, लहान मुलांमध्ये तर त्याहून जास्त. सुईने पाणी काढलं तर निम्म्याहून जास्त वेळा परत येते. ऑपरेशनने परत यायचं प्रमाण बरंच कमी, पण शून्य नाही, आणि वर व्रण, काही दिवस मनगट आखडणं हे आलंच. म्हणून दुखत नसेल, काही अडत नसेल तर मागची गाठ नुसती बघत राहायची. पुढच्या बाजूच्या गाठीत मात्र आंधळेपणाने सुई घालायची नाही, अंगठ्याच्या बाजूला असली तर नाडीची रक्तवाहिनी खेटून असते आणि माझ्यासारखी करंगळीकडे असली तर नस.

मी विचारलं थांबून बघू का. नुसत्या मुंग्या असत्या तर थांबले असते म्हणाल्या, पण स्नायू सुकायला लागलाय. नसेचा सिग्नल फार काळ, दीडेक वर्ष, पोचला नाही तर स्नायू कायमचा जातो, मग नस मोकळी करूनही उपयोग होत नाही. घाई केली नाही, घरी जाऊन विचार करा, हवं तर दुसरीकडे दाखवा म्हणाल्या आणि सगळे रिपोर्ट हातात दिले.

ऑपरेशन इथे होत नाही, जवळच्या नर्सिंग होममध्ये होतं, सकाळी ॲडमिट आणि संध्याकाळी घरी. काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला, दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवलं, मी जागी होते. डोळ्याला भिंग लावून काम करतात. आधी नस आणि रक्तवाहिनी शोधून बाजूला सांभाळून ठेवायची, मग गाठीच्या देठाचा माग काढत पिसिफॉर्मच्या सांध्यापर्यंत जायचं आणि देठासकट काढायची, नाहीतर परत भरते, आणि बोगद्याचं छतही मोकळं करायचं. पडद्यापलीकडून मॅडम मध्ये मध्ये सांगत होत्या आता काय चाललंय, मला त्याने भीती कमी वाटली. काढलेली गाठ बाटलीत दाखवली, नखाएवढी पण नाही. ती पॅथॉलॉजीला पाठवली, रिपोर्ट गँगलियनचाच आला.

आदल्या दिवशी नवऱ्याने विचारलं होतं की एवढं करताच आहात तर मागची पण काढून टाका ना, परत परत नको. मॅडम नाही म्हणाल्या. दुसरा सांधा, दुसरी चीर, त्यातून हिच्या हाताला फायदा शून्य आणि मनगट आखडायचं ते मात्र दोन बाजूंनी. आम्ही स्वतः पैसे द्यायला तयार असताना एखादा डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतो, हे मला फार मोलाचं वाटलं. ती गाठ अजून आहे, सध्या जरा बसलीय.

आता नंतरचं, कारण खरी मेहनत तिथे आहे. दुसऱ्या दिवसापासून बोटं हलवायची, पट्टी असली तरी. टाके निघाल्यावर व्रणाला मालिश, नस सरकती ठेवायचे व्यायाम, रबरी पुट्टी चिमटीत दाबणं. थेरपिस्ट इथलीच आहे, तरुण मुलगी, अतिशय चिकाटीची. कच्च्या तांदळाच्या डब्यात हात घालून न बघता आत लपवलेली बटणं शोधायला लावायची, आधी मला बटण आणि तांदूळ यातला फरकच कळत नव्हता, करंगळीने तर अजिबात नाही. घरी सासूबाईंनी त्यासाठी वेगळा डबाच काढून दिला. वेगवेगळी कापडं, मऊ, खरखरीत, व्रणावरून फिरवायची, कारण सुरुवातीला तिथे साडीचा पदर लागला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं.

नस दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते, हे मॅडमनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं आणि बरं झालं सांगितलं, नाहीतर पहिल्या महिन्यात मी खचले असते. मुंग्या आधी कमी झाल्या. मग करंगळीला गरम-गार कळायला लागलं. ताकद सगळ्यात शेवटी, ती अजून येतेय. पाडव्याची रांगोळी हुकली, त्या वेळी हात पट्टीत होता. आता दुधाची पिशवी फाडता येते, चावी फिरते, छोटी रांगोळी एका बैठकीत काढते, मोठी काढायला गेलं की अर्ध्यात हात दमतो. कागद ओढायची टेस्ट दर वेळी होते, अंगठा अजून थोडा वाकतो पण कागद आता सुटत नाही. अंगठा-तर्जनीमधला खड्डा पूर्ण भरला नाही, तो किती भरेल याची गॅरंटी मॅडमनी आधीही दिली नव्हती आणि आत्ताही देत नाहीत. मला हे आवडतं.

वेटिंगमध्ये एक डोंबिवलीचे काका भेटायचे, त्यांची केस पायाची. चालताना चप्पल पायातून निसटायची, पाऊल वर उचललंच जात नव्हतं, त्यांच्यावर कमरेचे सगळे उपचार झाले होते. निघालं काय तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्याजवळ, नसेच्या आतच गँगलियन. हे काम हाताच्या क्लिनिकचं वाटत नाही पण इथे नसांचं काम पण करतात. त्यावर मी घरी येऊन वाचलं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट स्पिनर यांनी दाखवून दिलंय की नसेच्या आतली ही गाठ मुळात सांध्यातून येते, सांध्याकडे जाणाऱ्या नसेच्या बारीक फांदीतून जेली आत शिरते, आणि ऑपरेशनमध्ये ती फांदी बंद केली नाही तर गाठ परत होते. काकांनी मॅडमना हेच विचारलं होतं आणि त्यांनी तसंच करणार म्हणून सांगितलं होतं. पाऊल लटकत असेल तर कमरेबरोबर गुडघ्याची बाजू पण बघून घ्या एवढंच.

आता कापलेला अर्धा स्टार. एक, दिलेल्या वेळेला नंबर कधीच लागत नाही. कारण मी समजू शकते, पेशंटला वेळ देतात, पण मग अपॉइंटमेंट तासाला एवढ्या घेऊ नका ना, बँडेज बांधलेला हात घेऊन बाहेर बसणं सोपं नसतं. दोन, क्लिनिकचं, नर्सिंग होमचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आणि पॅथॉलॉजीचं बिल वेगवेगळं येतं आणि एकूण किती ते आधी एका कागदावर कोणी लिहून देत नाही. मागा, मागितल्यावर देतात. तीन, थेरपी रोज नसते, एकाआड एक दिवस, आणि ती खोली इतकी अरुंद आहे की दोन पेशंट आले की कोपरं लागतात. रिसेप्शनवरचे काका प्रेमळ आहेत पण दुपारी फोन उचलत नाहीत.

इन्शुरन्सचं नीट लक्ष देऊन वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये सिस्ट, गाठी, गँगलियन यांना पहिले २४ महिने वेटिंग पिरियड असतो, आपली पॉलिसी केव्हाची आहे ते आधी बघा. आमची जुनी होती तरी क्वेरी आली की गाठ काढायची गरज काय होती, कारण नर्सिंग होमच्या फॉर्मवर नुसतं गँगलियन काढलं असं लिहिलं होतं. मॅडमनी त्याच संध्याकाळी लेटरहेडवर लिहून दिलं की अल्नर नस दबल्यामुळे स्नायू कमजोर झाला होता आणि नस मोकळी करण्याचं ऑपरेशन केलं, सोबत एनसीएसचा रिपोर्ट जोडला, आणि क्लेम पास झाला. तेव्हा फॉर्म भरताना निदान पूर्ण लिहिलंय का ते सही करायच्या आधी तपासा.

नुसती मागच्या बाजूची न दुखणारी गाठ असेल तर इथे एकदा दाखवून खात्री करून घ्या आणि घरी जा, तेवढ्यासाठी फी जरा जास्त वाटेल, हजाराच्या वर आहे. पण बोटं बधिर होत असतील, हातातून वस्तू पडत असतील, चिमूट धरता येत नसेल, अंगठ्याजवळचा भाग खोल गेल्यासारखा दिसत असेल तर दिवस घालवू नका. गाठ घट्ट दगडासारखी असेल, भराभर वाढत असेल, लाल-गरम असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तरी तसंच, ती गँगलियनच असेल असं समजून बसू नका.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडी पण न्या, मॅडम स्वतः स्क्रीनवर बघतात. ज्या हाताला त्रास आहे त्यातल्या बांगड्या, अंगठी घरीच काढून जा, सुजलेल्या बोटातून तिथे निघता निघत नाहीत. गाडी आणू नका, गल्लीत टू-व्हीलर लावायला पण जागा नसते, स्टेशनच्या बाजूला लावून चालत या. फोन सकाळी अकराच्या आत करा. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, गुरुवारी संध्याकाळी त्यातल्या त्यात गर्दी कमी असते.